निवडीचं कारण

मंडळीनं दोनशे डॉलर दिले, पाकिटात घालून.
मुलांसाठी चित्रांची पुस्तकं घ्यायची,
येशूची, पण सगळ्यांना सामावून घेणारी.
"सगळ्यांना"खाली पाळकांनी रेघ ओढलेली,
एकदा पेनानं, एकदा पेन्सिलीनं.

मलाच का सांगितलं, ठाऊक नाही.
मी कागद गिरणीत रात्रपाळीला फरशा पुसते.
कागद होताना पाहिलाय तीस वर्षं,
पुस्तक होताना नाही.

दुकानानं बघायला बावीस पाठवली.
चर्चमागच्या हॉलमध्ये त्याच टेबलावर मांडली
जिथे रविवारी तारोची पातेली असतात.
बाहेर टोकोरोआचं धुकं,
आत हीटर खोकत होता.

पहिल्यात येशूचे डोळे निळे,
केस असे की आत्ताच धुतलेत.
दुसऱ्यात नोहाचं तारू: जिराफ दोन, गेंडे दोन,
सरडेसुद्धा दोन, दोन वेगळ्या हिरव्यांचे,
आणि माणसं आठ,
आठही एकाच खडूतून निघालेली.
तिसऱ्यात नाना रंगांची मुलं गोल करून उभी,
सगळी एकच हसू हसतायत,
फोटोवाल्यानं दटावल्यासारखी.
हे मी बाजूला ठेवलं. मग उचललं. मग परत ठेवलं.
माझ्या भाच्याचा रंग त्यात होता,
भाचा नव्हता.

तेवढ्यात इनांगारो आली.
सात वर्षांची. पाय जन्मापासून झोपलेले.
दारात तीन पायऱ्या आहेत,
म्हणून आधी ती येते, मामाच्या खांद्यावर, पोत्यासारखी,
आणि मागून चाकांची खुर्ची.
दर रविवारी याच क्रमानं.
आम्हाला त्यात कधी वावगं दिसलं नाही.

"तूच बघ, कुठलं आवडतंय," मी म्हटलं.
तिनं पक्षघाती माणसाची गोष्ट असलेली
चार पुस्तकं ओढून घेतली.
चारांतही शेवटी तो बाज उचलून चालू लागतो.
चारही तिनं शेवटचं पान यायच्या आत मिटली.

"का गं?"
"तो चालायला लागला की संडेस्कूलमध्ये सगळे टाळ्या वाजवतात.
मग माझ्याकडे बघतात."

हीटर बंद पडला. उठून त्याला थापट मारली.
काहीतरी करायला हवं होतं मला.

पाचवं पातळसं, कोपरा मुडपलेलं.
येशू एका कडेला, नाक जरा मोठंच काढलेलं.
पण मधली दोन पानं भरून छप्पर!
चार दोस्त, त्यांत एक दात पडलेला म्हातारा,
माती उकरतायत नखांनी,
खाली घरमालक बोंबलतोय,
धर्मपंडितांच्या दाढ्यांत ढेकळं,
आणि भोकातून, चार दोरांवर, तो.
बरा व्हायच्या आधीचा.
आणि चक्क हसतोय,
कारण एवढा गोंधळ
त्याच्यासाठी कुणी कधी घातला नव्हता.

इनांगारोनं भोकावर बोट ठेवलं.
"हे नंतर कुणी बुजवलं?"
"शास्त्रात लिहिलेलं नाही."
"नसेल बुजवलं," ती म्हणाली.
"आणखी कुणाला लागलं तर?"

मामा दाराकडे बघत होता.
मग मीही बघितलं.
त्या पायऱ्या मी नवरी होऊन चढले,
शवपेटीमागून उतरले,
मोजल्या मात्र कधी नव्हत्या.

पुस्तक अठरा डॉलरचं.
"फळ्यांचा भाव काय चाललाय?" मी मामाला विचारलं.
"पाइनच्या गावात राहून विचारतेस?" तो म्हणाला,
आणि भाव सांगितला,
आणि आम्ही दोघं गप्प झालो.

रात्री गिरणीत, जेवणाच्या सुट्टीत,
पाळकांचा फॉर्म भरायला घेतला.
निवडलेली पुस्तकं: एक.
उरलेली रक्कम: पाकिटात आहे, पाकीट माझ्याकडे आहे,
बोलायचंय.
निवडीचं कारण, यापुढे त्यांनी चार ओळी सोडलेल्या.
मला एकच पुरली:

छप्पर नीट फाडलंय.